व्याज कशावर आणि मोल कशाचे? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत अर्धे प्रश्न व्याजाचे आणि अर्धे केमिस्ट्रीचे. दोन वेगळी पानं करू असं संपादकांचं म्हणणं होतं, पण मी म्हटलं राहू द्या एकत्रच. कारण पोरं दोन्हीकडे अडतात ती एकाच जागी. टक्का दिसला की सूत्र लावून मोकळे, तो टक्का कशावर आहे, कशाच्या मागे आहे हे विचारतच नाहीत, आणि मग उत्तर चुकलं की म्हणतात गणित कठीण आहे.

प्रश्न: ताई, माझा मुलगा आठवीत आहे. चक्रवाढ व्याजाचा धडा झाला म्हणून त्याला म्हटलं, आपल्या एफडीचा हिशेब करून दाखव. ५० हजार रुपये, ७ टक्के, २ वर्षं. त्याचं उत्तर आलं ५७,२४५. बँकेच्या पावतीवर मॅच्युरिटीला ५७,४४४ लिहिलंय. शेजारचे भाऊ म्हणाले, काय एवढं डोकं लावून राहिले, सरळ ५७ हजार. आता आमच्या घरात भांडण आहे की बरोबर कोण. (एक आई, मानेवाडा)

उत्तर: भांडण मिटवा, तिघंही बरोबर आहेत, फक्त तिघांनी तीन वेगळे हिशेब केलेत.

शेजारच्या भाऊंनी केलं ते सरळव्याज. दरवर्षी फक्त मुद्दलावर व्याज, म्हणजे ३,५०० आणि परत ३,५००, झाले ७ हजार. तुमच्या मुलाने केलं चक्रवाढ, पण वर्षातून एकदा व्याज जमा होतं असं धरून. पहिल्या वर्षी ३,५००, ते मुद्दलात मिसळले, ५३,५०० झाले, आता दुसऱ्या वर्षीचं व्याज या ५३,५०० वर, ते आलं ३,७४५. भाऊंपेक्षा त्याचे २४५ रुपये जास्त का आले ते त्याला विचारा, आणि सूत्र न बघता सांगायला लावा. ते २४५ म्हणजे ३,५०० चे ७ टक्के, दुसरं काही नाही. व्याजावरचं व्याज तेवढंच. हे ज्या पोराला कळलं त्याला चक्रवाढ कळलं, बाकी सूत्र म्हणजे वेळ वाचवायची सोय.

आता बँक. आपल्याकडच्या बँका एफडीवर साधारणपणे दर तिमाहीला व्याज जमा करतात. दर मात्र वार्षिक छापतात. म्हणजे ७ टक्क्यांचे चार भाग, दर तीन महिन्यांनी १.७५ टक्के. पहिल्या वर्षापुरतं मी खाली लिहून दाखवते, मुलाला कॅल्क्युलेटर घेऊन सोबत बसवा.

पहिली तिमाही, ५०,००० वर व्याज ८७५. दुसरी, ५०,८७५ वर ८९०.३१. तिसरी, ५१,७६५.३१ वर ९०५.८९. चौथी, ५२,६७१.२० वर ९२१.७५. वर्षाअखेर ५३,५९२.९५.

पाहा, व्याज ३,५०० नाही तर ३,५९२.९५ आलं, म्हणजे कागदावर ७ टक्के असले तरी हातात पडले ७.१९ च्या आसपास. बँका जाहिरातीत कधीकधी हा दुसरा आकडा मोठ्या अक्षरात टाकतात, तेव्हा दोन बँकांची तुलना करताना एकीचा हा आणि दुसरीचा तो असं होऊ देऊ नका. दोन वर्षांत आठ तिमाह्या, म्हणून सूत्रात दर ७ च्या जागी १.७५ आणि मुदत २ च्या जागी ८. रास = मुद्दल × (१ + दर/१००), आणि कंसावर मुदतीचा घात. पोरं काय करतात, दर चारने भागतात आणि मुदत २ च ठेवतात, किंवा मुदत ८ करतात आणि दर ७ च ठेवतात. दुसऱ्या प्रकारात ५० हजाराचे दोन वर्षांत ८५,९०९ होतात! अशी बँक सापडली तर मलाही पत्ता कळवा.

एक अजून. एफडी करताना व्याज दर तिमाहीला खात्यात हवं की शेवटी एकदम, असं फॉर्मवर विचारतात. खात्यात घेतलं तर ते मुद्दलात मिसळतच नाही, मग तिथे शेजारच्या भाऊंचा हिशेब लागू होतो. ज्यांना घरखर्चाला व्याज लागतं त्यांनी तसं घ्यावं, त्यात काही गैर नाही, फक्त मग चक्रवाढीची अपेक्षा नको.

आता मुलगा विचारेल की तिमाहीने इतकं वाढलं तर रोज व्याज जमा केलं तर श्रीमंतच होऊ. हा प्रश्न जेकब बर्नोली नावाच्या स्विस गणितीने १६८३ मध्ये विचारून ठेवलाय. १ रुपया, वर्षाला १०० टक्के व्याज. वर्षातून एकदा जमा केलं तर २ रुपये. दोनदा केलं तर २.२५. चारदा, २.४४. दर महिन्याला, २.६१. रोज, २.७१. आणि मग कितीही बारीक केलं, दर तासाला, दर सेकंदाला, तरी २.७१८ च्या पुढे जातच नाही. अकरावी-बारावीत जी संख्या 'ई' म्हणून भेटते ती हीच, तिचं माहेर व्याजाच्या हिशेबात आहे.

प्रश्न: पीपीएफमध्ये ५ तारखेच्या आत पैसे भरा असं सगळे काऊन म्हणतात? ६ तारखेला भरले तर काय होते? (एक वडील, धरमपेठ)

उत्तर: त्या महिन्याचं व्याज बुडते. पीपीएफचं व्याज दर महिन्याला काढतात, ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर, आणि जमा करतात वर्षाच्या शेवटी. दर ७.१ टक्के धरला आणि दीड लाख रुपये ५ एप्रिलऐवजी ६ ला भरले तर साधारण ८८७ रुपये गेले. एका दिवसाचे.

प्रश्न: ताई, मी नववीत आहे. मोल म्हणजे काय ते समजूनच नाही राहिलं. सर म्हणतात डझनसारखं आहे. डझन मला समजते. पण १२ सोपा आकडा आहे, हा ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात असा विचित्र आकडा कोणी आणि का घेतला? गोल आकडा नव्हता का घेता येत? (एक विद्यार्थी, कामठी)

उत्तर: शाब्बास रे, हा प्रश्न वर्गात विचारायला हवा होतास. डझनचं उदाहरण बरोबर आहे पण अर्धंच आहे, ते सांगते की मोल ही मोजायची संख्या आहे, ते हे नाही सांगत की हीच संख्या का.

अडचण काय होती बघ. अणूंची आपसातली वजनं केमिस्टांना माहीत होती. हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६, सोडियम २३. पण ही वजनं ज्या एककात आहेत ते इतकं बारीक आहे की कोणत्याच तराजूला कळत नाही. लॅबमध्ये तर आपल्याकडे ग्रॅमचा तराजू. मग अशी एक संख्या हवी की तितके अणू एकत्र केले की तो बारीक एककातला आकडा जसाच्या तसा ग्रॅममध्ये यावा. कार्बनचा एक अणू १२ एकक, तर तितके अणू बरोबर १२ ग्रॅम. सोडियमचा २३ एकक, तर तितके अणू २३ ग्रॅम. ती संख्या निघाली ६.०२२ × १० चा २३ वा घात. म्हणजे ती कोणी आवडीने नाही निवडली, ग्रॅम आधी ठरला होता म्हणून ती तशी आली. ग्रॅम वेगळा असता तर संख्याही वेगळी आली असती.

आधी व्याख्याच अशी होती की १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितका एक मोल. २० मे २०१९ पासून ती उलटी केली, आता संख्याच पक्की केलीय, ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात, ना कमी ना जास्त. तुझ्या पेपरला ६.०२२ पुरते. आणि जिच्या नावाने ही संख्या ओळखली जाते त्या अ‍ॅव्होगॅड्रोने ती कधी मोजलीच नव्हती बरं का, त्याने १८११ मध्ये फक्त इतकं म्हटलं होतं की सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. संख्येला त्याचं नाव मागाहून मिळालं.

आता घरी कर. खोकल्याच्या औषधासोबत ती छोटी प्लास्टिकची मापाची कपी येते ना, तिच्यात १८ मिली पाणी घे. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, २ + १६ = १८, म्हणजे तुझ्या हातात एक मोल पाणी आहे. एका घोटात संपेल इतकंच. त्यात रेणू किती, तर जगातल्या ८०० कोटी माणसांनी सेकंदाला एक या वेगाने न झोपता न जेवता मोजायला घेतले तर जवळपास २४ लाख वर्षं लागतील.

परीक्षेत चुकते कुठे ते सांगते. प्रश्न येतो, ९ ग्रॅम पाण्यात अणू किती? पोरं म्हणतात अर्धा मोल, म्हणून ३.०११ × १० चा २३ वा घात. हे रेणू झाले बाळा, अणू विचारलेत. एका रेणूत तीन अणू, म्हणून तीनने गुण, ९.०३३ × १० चा २३ वा घात. तसंच 'एक मोल ऑक्सिजन' म्हटलं की आधी विचार, कशाचा? ऑक्सिजनच्या अणूंचा असेल तर १६ ग्रॅम, रेणूंचा असेल तर ३२. हवेतला वायू म्हटलं की रेणू. वरच्या पत्रातल्या आठवीच्या पोराने व्याज कशावर ते विचारायचं, तू मोल कशाचा ते विचारायचं.

प्रश्न: नमस्कार. आम्ही महालातले जुने रहिवासी. लहानपणी दिवाळीआधी घरी चुना विरवत. ढेकळं पाण्यात टाकली की खदखदून उकळत, वाफा निघत, आम्हा मुलांना जवळ येऊ देत नसत. परवा नातीला हे सांगितलं तर ती म्हणे आजोबा, ती उष्मादायी अभिक्रिया. नाव कळलं, पण विस्तव नसताना उष्णता आली कुठून? आणि हात मारला तेव्हा भिंत पांढरी दिसत नसे, दुसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र, ते का? (एक आजोबा, महाल)

उत्तर: आजोबा, विस्तव होता, फक्त तुमच्या अंगणात नव्हता, चुनाभट्टीत होता.

सुरुवात चुनखडीच्या दगडापासून. हा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड उरतो. नातीला वजनं मांडायला लावा, कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ तीनदा, बेरीज १००. इतका छान गोल आकडा केमिस्ट्रीत क्वचित मिळतो. १०० किलो शुद्ध दगड भाजला तर ५६ किलो चुना हाती येतो आणि ४४ किलो वायू धुराड्यातून जातो. मुलांना वाटतं ४४ किलो नाहीसे झाले. नाहीसं काही होत नाही, फक्त तराजूवर राहात नाही.

हा कळीचा चुना पाण्यासाठी वखवखलेला असतो. पाणी मिळालं की ५६ भाग चुना १८ भाग पाणी पिऊन ७४ भाग विरलेला चुना होतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि हे जोडण होताना उष्णता बाहेर पडते. ५६ ग्रॅममागे साधारण ६५ किलोज्यूल. ही किती, तर हिशेबाने पेलाभर, २०० मिली साधं पाणी उकळीला येईल इतकी. तुमच्या घरी तर किलो-किलोंनी विरवत असतील, मग वाफा निघणारच. भट्टीत कोळसा जाळून दगडात जी ऊर्जा घातली त्यातली काही चुन्यात साठून राहिली होती, ती इथे परत मिळाली.

भिंतीचं आता. ओली सफेदी अर्धपारदर्शक असते, चुन्याच्या कणांमध्ये पाणी भरलेलं असतं म्हणून मागची जुनी भिंत दिसते. पाणी वाळलं की कणांमध्ये हवा शिरते, प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि पांढरं दिसायला लागतं. शिवाय हळूहळू विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, ७४ भाग चुना आणि ४४ भाग वायू, त्यातून १०० भाग कॅल्शियम कार्बोनेट आणि १८ भाग पाणी. म्हणजे पाहा, भट्टीत गेलेले ४४ परत आले, विरवताना प्यालेले १८ परत गेले, आणि भिंतीवर जो थर घट्ट बसला तो पुन्हा चुनखडीचा दगडच आहे. नातीला म्हणावं या तीन समीकरणांत वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम, संतुलन आणि उष्मादायी अभिक्रिया सगळं आलं, लिहून काढ.

तुम्हाला जवळ येऊ देत नसत ते अगदी योग्य होतं. आजही कोणी करणार असेल तर पाण्यात चुना थोडाथोडा टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, डोळ्यांना चष्मा पाहिजेच. डोळ्यात उडाला तर चोळायचं नाही, नळाखाली भरपूर वेळ धुवायचं आणि तडक डॉक्टर.

प्रश्न: ताई, मी एमआयडीसीत नोकरीला लागलोय, पहिलं क्रेडिट कार्ड घेतलं. थकीत रकमेवर महिन्याला ३ टक्के लिहिलंय. म्हणजे वर्षाचे ३६ ना? (एक तरुण वाचक, हिंगणा)

उत्तर: ३६ तेव्हा, जेव्हा व्याजावर व्याज लागत नाही. इथे लागतं. १.०३ चा १२ वा घात काढ, १.४२५८ येतो. १० हजार थकवलेस आणि काहीच भरलं नाहीस तर वर्षाने १४,२५८, म्हणजे ४२.५८ टक्के, वरून लेट फी आणि जीएसटी वेगळा. दुप्पट किती दिवसांत होतील ते तोंडी काढायची युक्ती अशी की ७२ ला दराने भागायचं, ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. ही युक्ती लहान दरांना छान चालते, २० च्या वर दर गेला की घसरते. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता, थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर वसूल करता येत नसे. कार्डवाल्याकडून तसली अपेक्षा ठेवू नकोस.

आणि गाडी घ्यायला गेलास तर 'फ्लॅट १० टक्के' ऐकून भुलू नकोस. १ लाखाचं कर्ज, वर्षाचे १० हजार व्याज, १२ हप्ते ९,१६७ चे. ऐकायला १० टक्के, पण तू दर महिन्याला मुद्दल परत करत असतोस आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर द्यावं लागते, जे सहाव्या महिन्यात तुझ्याकडे उरलेलंच नसते. खरा दर निघतो १८ च्या जवळपास. सेल्समनला एकच विचार, व्याज घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट.

प्रश्न: माझ्या मावशीला थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी औषध दिलं. त्याचा अर्धायुष्यकाल ८ दिवस आहे असं वाचलं. मग १६ दिवसांत सगळं संपलं ना? (कॉलेजची विद्यार्थिनी, नंदनवन)

उत्तर: नाही गं. ८ दिवसांत अर्धं गेलं, पुढच्या ८ दिवसांत उरलेल्याचं अर्धं जातं, सुरुवातीच्याचं नाही. १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी आठवा भाग, ८० दिवसांनी १,०२४ वा भाग. तुला गंमत सांगू का, हे चक्रवाढ व्याजाचंच सूत्र आहे, फक्त दर उणे. मुद्दल गुणिले अर्धा, आणि अर्ध्यावर जितके अर्धायुष्यकाल झाले तितका घात. दरवर्षी गाडीची किंमत १० टक्क्यांनी घसरते असं गणित आठवीत असते, तेही याच घरातलं. हाडं आणि जुनी लाकडं किती जुनी ते काढायला कार्बन-१४ वापरतात, त्याचा अर्धायुष्यकाल ५,७३० वर्षं, हिशेब तोच.

मावशींच्या बाबतीत अजून एक, शरीर लघवीवाटेही आयोडीन बाहेर टाकतं, त्यामुळे शरीरातलं प्रमाण या हिशेबापेक्षा लवकर कमी होतं. पण लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून किती दिवस लांब राहायचं ते त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच पाळायचं, माझं गणित लावू नका.

प्रश्न: सामू (पीएच) ३ म्हणजे सामू ६ पेक्षा दुप्पट आम्ल का? (दहावी, काटोल)

उत्तर: दुप्पट नाही, १,००० पट. सामू एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयनांची संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, दहापट होते, तीन अंक उतरले, दहा गुणिले दहा गुणिले दहा. तुमच्याकडच्या संत्र्याचा रस साधारण साडेतीनच्या आसपास, लिंबाचा अडीचच्या आत, म्हणजे लिंबू निदान दहापट वर. संत्रं जिभेला तितकं आंबट लागत नाही त्यात साखरेचाही हात आहे.

प्रश्न: आमच्याकडे मॅंगनीजची खाण. दगड काळा. शाळेच्या लॅबमधलं पोटॅशियम परमँगनेट गर्द जांभळं. दोन्हीत मॅंगनीजच म्हणतात, मग रंग वेगळा कसा? आणि जास्त मॅंगनीज कशात? (अकरावी सायन्स, मनसर)

उत्तर: रंग मूलद्रव्याचा नसतो, संयुगाचा असतो. सोडियम चकचकीत धातू, क्लोरीन पिवळट हिरवा विषारी वायू, दोघांचं मीठ पांढरं आणि आपण रोज खातो, तसंच हे. तुमच्या खाणीतल्या धातुकात मॅंगनीजची बरीच खनिजं मिसळलेली असतात, त्यातलं काळं मॅंगनीज डायऑक्साइड घे. त्यात मॅंगनीजचा ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे संयुगात त्या अणूच्या नावावर धरलेला विद्युतभार, +४, परमँगनेटमध्ये +७. आता तूच काढ, पोटॅशियम +१, चार ऑक्सिजन मिळून −८, बेरीज शून्य यायला हवी, मग मॅंगनीजला +७ शिवाय इलाज नाही. कारखान्यात काळ्यापासून जांभळं करतात तेव्हा मध्ये एक हिरवा टप्पाही येतो, डायऑक्साइड पोटॅशियम हायड्रॉक्साइडसोबत हवेत तापवलं की पोटॅशियम मँगनेट होतं, ते हिरवं, तिथे अंक +६.

जास्त कशात, तर डायऑक्साइडमध्ये. मॅंगनीजचं वजन ५५, डायऑक्साइडचं सगळं मिळून ८७, ५५ भागिले ८७ म्हणजे ६३.२ टक्के. परमँगनेटमध्ये ५५ भागिले १५८, ३४.८ टक्के. अणू दोन्हीकडे एकच, भागलं कशाने ते बदललं. आणि तुला हे आवडत असेल तर नागपूरला अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण संस्था डोक्यात ठेव, कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मागे ठेवलेल्या पैशातून १९४२ साली उभी राहिलेली, केमिकल इंजिनिअरिंगची जुनी जागा, आता ती स्वतःच विद्यापीठ झालीय.

प्रश्न: कूलरच्या पाईपला आणि गवताच्या ताट्यांना दगडासारखा पांढरा थर धरतो. बोअरचं पाणी आहे. हा थर येतो कुठून, आणि काढायचा कसा? (एक गृहिणी, जरीपटका)

उत्तर: थर म्हणजे वर आजोबांच्या भिंतीवर होतं तेच, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. कूलरमधून पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत, ते मागे राहून कार्बोनेट होऊन बसतात. आणि तुम्ही रोज वरून नवीन पाणी भरता, म्हणजे नवीन क्षारही भरता. समजा लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आणि मे महिन्यात दिवसाला ५० लिटर पाणी उडालं, तर रोज १५ ग्रॅम, तीन महिन्यांत १ किलो ३५० ग्रॅम. म्हणून दर आठवड्याला टाकीतलं पाणी पूर्ण काढून टाका, नुसती भर घालत राहू नका, अर्धा त्रास तिथेच कमी होते.

काढायला साधं पांढरं व्हिनेगर चालते. पण चमचाभर टाकून फुसफुसलं म्हणजे झालं असं नाही. १०० ग्रॅम थराला १२० ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लागतं, आणि बाजारातलं व्हिनेगर ४ टक्क्यांचं धरलं तर ते झालं ३ लिटर. म्हणून जाड थर आधी स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढा, उरलेल्यावर व्हिनेगर घाला, फेस यायचा थांबला की ते ओतून ताजं घाला, कारण त्यातलं आम्ल संपलेलं असतं. लोखंडी टाकीत ते रात्रभर ठेवू नका, पत्रा खाईल. ताट्यांवर फार चढलं असेल तर सरळ नवीन लावा, व्हिनेगरचा खर्च त्याच्या वर जाईल. आणि व्हिनेगर असताना ब्लीचिंग पावडर अजिबात नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. कूलर धुताना आधी प्लग काढा.